देवलांची पेटी आणि खाँसाहेबांची तबकडी

१९११ च्या सुमारास लंडनच्या मूर अँड मूर कंपनीने एक जगावेगळी बाजाची पेटी तयार केली. नेहमीच्या पेटीत एका सप्तकात बारा स्वर असतात. या पेटीत बावीस श्रुती, म्हणजे सप्तकातली सूक्ष्म स्वरस्थानं, बसवायच्या होत्या. कंपनीच्या एच. कीटली मूर यांनी ती जुळवली. पेटीमागचं डोकं मात्र लंडनचं नव्हतं. एक डोकं सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांचं, आणि दुसरं तेव्हा साताऱ्यात नेमणुकीला असलेले आयसीएस अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांचं. १९११ मध्येच या दोघांच्या पुढाकाराने साताऱ्यात 'फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची संस्था निघाली. हिंदुस्थानी संगीताचे स्वर मोजायचे आणि शास्त्राच्या पायावर पक्के करायचे, हा तिचा हेतू होता.

आज साताऱ्यात ही संस्था कुठे होती हे विचारून पाहा. उत्तर मिळणार नाही. श्रुती-हार्मोनियमचं नाव संगीतशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात एखाद्या ओळीत येतं आणि तेही बहुधा फसलेल्या प्रयोगाचा दाखला म्हणून. तरीही गेल्या सव्वाशे वर्षांत सातारा-सांगलीच्या पट्ट्यातून ध्वनीचा जो सर्वांत दूरगामी प्रयोग बाहेर पडला, त्याची सुरुवात याच खटाटोपात आहे, असं आमचं मत आहे. फक्त ज्या वस्तूवर प्रयोगकर्त्यांनी पैज लावली ती वस्तू हरली, आणि जिच्याकडे त्यांचं फारसं लक्षही नव्हतं ती जगभर गेली. ती दुसरी वस्तू म्हणजे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या तबकड्या.

देवलांचा काळ समजून घेतल्याशिवाय त्यांचा हट्ट कळत नाही. तेव्हाचे दक्षिण महाराष्ट्राचे नकाशे म्हणजे गोधडी. सातारा ब्रिटिशांचा जिल्हा. सांगली आणि मिरज पटवर्धनांची संस्थानं. मधेच औंध, जत, फलटण. (संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. दोन जिल्ह्यांच्या सांस्कृतिक इतिहासाच्या दोन वेगळ्या फायली करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.) या गोधडीच्या प्रत्येक तुकड्यावर कुणीतरी संगीतप्रेमी राजा होता, त्याच्या पदरी गवई होते, आणि या सगळ्यांना मुंबई-मद्रासशी जोडणारी रेल्वे मिरजेवरून जात होती. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक उभं केलं ते राजाश्रयावरच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी इकडे आणली ती याच मुलखात रुजली. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत शिकले, आणि १९०१ मध्ये त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं. आपल्याकडे संगीत होतं, श्रोते होते, पैसा होता. नव्हतं ते साहेबासमोर ठेवता येईल असं गणित.

आणि त्या पिढीला गणिताची तहान मोठी. युरोपीय संगीताकडे लिपी होती, ध्वनिशास्त्र होतं, जुळवलेली वाद्यं होती. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रातल्या बावीस श्रुती होत्या, पण त्या नेमक्या कुठे, हे कुणी आकड्यात सांगत नव्हतं. सरकारी नोकरीत जमिनीची मोजणी पाहिलेल्या माणसाला स्वराचीही मोजणी व्हावी असं वाटलं, तर त्यात नवल नाही. देवलांनी १९१० मध्ये पुण्यात एक इंग्रजी पुस्तक छापलं आणि त्यात बावीस श्रुतींची कंपनसंख्या मांडली. क्लेमंट्सनी १९१३ मध्ये स्वतःचं पुस्तक लंडनहून काढलं. दोघांचा दावा असा की प्राचीन ग्रंथातल्या श्रुती आजही उत्तम गवयाच्या गळ्यात जिवंत आहेत. आणि तो उत्तम गवई म्हणून त्यांनी निवडला अब्दुल करीम खाँ.

निवड चुकली नव्हती. खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तरेतल्या कैराना गावचा. म्हणजे ते पलुस्करांच्याच वयाचे. घराण्याला गावाचं नाव मिळालं, किराना. बडोद्याच्या दरबारात ते काही काळ होते. तिथून, पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या ताराबाई मानेंसह निघून ते मुंबई, मिरज, पुणे असे फिरत राहिले. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं, आणि पुढे मिरजेतच मुक्काम केला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यावर त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या गळ्यात एक गोष्ट होती जी त्या काळच्या बहुतेक गवयांत नव्हती: स्वर लागला की तो हलत नसे आणि तंबोऱ्याशी त्याचा सांधा दिसत नसे. ते वाद्यंही हाताळत, दुरुस्त करत, तंबोरा जुळवायला लागले की घाई नसे. देवलांनी त्यांचं गाणं ऐकत तारेवरच्या मोजणीयंत्रावर एकेक स्वर ताडून पाहिला.

काय मोजलं? उदाहरण घेऊ. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर पियानोच्या सारख्या भागांत कापलेल्या सप्तकात शुद्ध गांधार येतो सुमारे ३०२.४ वर. पंचमावर पंचम चढवत गेलं तर तो येतो ३०३.७५ वर. आणि षड्जाशी साध्या पाचास चार या प्रमाणात धरला तर नेमका ३०० वर. आकड्यात फरक दोन-चार कंपनांचा. कानाला मात्र हा फरक खूप मोठा आहे. पहिल्या दोन गांधारांशी तंबोरा धरला तर आवाजात लाटा उठतात. तिसरा धरला की लाटा थांबतात. खाँसाहेबांचा गांधार तो तिसरा, असा देवलांचा निष्कर्ष होता. ऋषभाचंही तसंच: २७० चा एक आणि २६६ च्या पुढचा एक, दोन्ही 'शुद्ध', रागागणिक वेगळे.

गंमत अशी की हा तिसरा गांधार मिरजेत कुणालाही मोजावा लागत नव्हता. तो तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो. चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून गांधार बोलतो, कुणी न लावलेला. गवई त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनातून तो येतो, म्हणून तो नेमका पाचास चार या प्रमाणातच असतो. आणि तो ऐकू यावा म्हणून जी कारागिरी लागते ती मिरजेची. घोडीचा पृष्ठभाग अगदी किंचित गोलसर घासायचा, तार त्यावर टेकता टेकता सुटली पाहिजे, खाली सुताचा दोरा सरकवत सरकवत नेमक्या जागी आणायचा. मग तारेचे वरचे स्वर उघडे पडतात. याला जवारी काढणं म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, तलवारींना धार लावण्याचं काम ओसरल्यावर, मिरजेतल्या फरीदसाहेब शिकलगारांनी पटवर्धन संस्थानाच्या उत्तेजनाने सतार-तंबोरे बनवायला घेतले. भोपळे सोलापूरकडच्या भीमाकाठचे, लाकूड तुणाचं. ज्या घासकामाने पातं धारदार होत होतं, त्याच हाताने घोडी घासली जाऊ लागली. त्यांचे वंशज पुढे सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे देवल सांगलीत बसून अपूर्णांकांत जे लिहीत होते, ते जवळच्याच मिरजेत अक्षरओळख नसलेला कारागीरही हाताने काढून देत होता. देवलांचं दुर्दैव इतकंच की त्यांना ते लाकडी चौकटीत, चाव्यांवर, कायमचं डांबून ठेवायचं होतं.

इथेच त्यांची संगीतशास्त्रकार पंडित विष्णु नारायण भातखंड्यांशी गाठ पडली. भातखंड्यांचं म्हणणं स्पष्ट होतं. आजचं हिंदुस्थानी संगीत बारा स्वरांवर उभं आहे. भरत-शार्ङ्गदेवांचे जुने ग्रंथ ज्या संगीताबद्दल बोलतात ते आजचं नव्हे. एका गवयाच्या गळ्यावरून देशभराच्या संगीताचा नियम बांधता येत नाही. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सयाजीराव गायकवाडांचा आश्रय, देशभरचे गवई, पंडित आणि हा वाद. श्रुती-हार्मोनियमच्या बाजूने क्लेमंट्स आणि देवल हिरिरीने उभे राहिले, पण परिषदेने आणि पुढच्या काळाने कौल दिला भातखंड्यांना. पेटी शाळांत गेली नाही, मैफलीतही आली नाही.

आम्हाला विचाराल तर भातखंड्यांचा निकाल बरोबर होता, त्यामागची कारणमीमांसा मात्र अर्धी. १९६३ मध्ये नाझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन यांनी प्रत्यक्ष वादनातले स्वर यंत्राने मोजले. पुढे १९८२ मध्ये मार्क लेव्हींचा अभ्यास आला. दोन्ही अभ्यासांत दिसलं ते असं की एकाच कलावंताचा एकच स्वर एकाच रागात एका जागी बसत नाही. तो खालून येतो, वर झुकतो, मींडेत विरघळतो. म्हणजे बावीस खुंट्या ठोकल्या काय आणि बारा ठोकल्या काय, गाणं खुंटीवर टांगता येत नाही. देवलांचा प्रश्न मात्र खोटा ठरला नाही. दोन गांधारांतला फरक खरा आहे, कान तो ओळखतो, आणि किरान्याचं सगळं सौंदर्य त्या फरकावरच उभं आहे. भातखंड्यांनी उत्तर बाद केलं आणि त्याबरोबर प्रश्नही कपाटात ठेवून दिला. आपल्या संगीतशिक्षणाने तो पुढची कित्येक वर्षं बाहेर काढला नाही. पेटीचा बाकी इतिहास ठाऊकच आहे. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ मध्ये अंशतःच उठली, आणि बंदीचं एक कारण हेच की तिचे स्वर आपल्या श्रुतींना धरून नाहीत. साताऱ्याच्या त्या सोसायटीला हा सूड गोड वाटला असता. गेल्या काही वर्षांत डॉ. विद्याधर ओक यांनी पुन्हा बावीस श्रुतींची पेटी बनवली आहे. हा विषय मरत नाही.

आता तबकडीकडे.

१९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीसाठी खाँसाहेबांनी पहिली ध्वनिमुद्रणं दिली. १९०५ मध्येच मिरजेत त्यांच्या मुलीचा जन्म झाला, तीच पुढे गायिका हिराबाई बडोदेकर. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचं, कर्ण्याच्या टोकाच्या पडद्याला सुई आणि सुईखाली मेण. तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून, कारण कलकत्त्याचा कारखाना १९०८ चा. तबकडीची एक बाजू म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटं. तासभर बढत करणाऱ्या माणसाला एवढ्या वेळात काय सांगायचं? बहुतेक जुन्या गवयांनी या माध्यमाला नाक मुरडलं. काहींनी आपली चीज चोरीला जाईल म्हणून पाठ फिरवली, तर काहींनी तीन मिनिटांत होईल तेवढी तानबाजी कोंबली. त्या काळच्या कित्येक तबकड्या आज ऐकवत नाहीत त्या याचमुळे.

खाँसाहेबांनी दुसरी वाट धरली, आणि ती त्यांच्या १९३० च्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या तबकड्यांत पूर्णपणे दिसते. तोवर विजेवरचं मुद्रण आलं होतं. मायक्रोफोन पुटपुटणंही पकडत होता. त्यांनी वेळ भरून काढायचा प्रयत्नच केला नाही. झिंझोटीतली ठुमरी घ्या. भैरवी घ्या. जोगिया घ्या. स्वर येतो, थांबतो, आणि तो थांबल्यावर काय होतं हे आपण ऐकत बसतो. शब्द जवळजवळ निमित्तापुरता. लय अशी की ती आहे हेही विसरायला होतं. आवाज बारीक, खुला, वरच्या पट्टीचा, किंचित अनुनासिक. समोर मेहफिलीला दाद द्यायला माणसं नाहीत याचं त्यांना दुःख वाटत नसावं. उलट एकट्या श्रोत्याच्या कानाशी बोलण्याची ही पहिली सोय आहे, हे त्यांनी ओळखलं. पुढे अर्ध्या शतकाने ज्यांनी स्टुडिओलाच वाद्य मानलं त्यांनाही याहून वेगळं काही सुचलं नव्हतं.

त्यातला आणखी एक धाडसी भाग सहसा सांगितला जात नाही. म्हैसूरच्या दरबारामुळे आणि दक्षिणेतल्या भ्रमंतीमुळे खाँसाहेबांनी कर्नाटक संगीत मन लावून ऐकलं. ख्यालात सरगमचा जो वापर त्यांनी केला त्यावर त्याची छाप आहे. एवढंच करून ते थांबले नाहीत. खरहरप्रियातली त्यागराजांची कृती त्यांनी तबकडीवर गायली. उत्तरेच्या खानदानी उस्तादाने तेलुगू कृती ध्वनिमुद्रित करणं, तेही त्या काळात, याला प्रयोग म्हणायचं नाही तर कशाला? उत्तरेच्या लोकांना ते चालेना आणि दक्षिणेच्या शुद्धिवाद्यांना उच्चार खटकले असणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

परिणाम? कुंदनलाल सैगलांनी १९३५ च्या 'देवदास'मध्ये तीच झिंझोटी ठुमरी आपल्या ढंगात गायली आणि ती घराघरात गेली. गदगच्या भीमसेन जोशींना खाँसाहेबांच्या तबकडीने पछाडलं, घर सोडून गुरू शोधायला बाहेर काढलं, आणि अखेर खाँसाहेबांच्याच शिष्याकडे, सवाई गंधर्वांकडे, नेऊन सोडलं. हे ते स्वतः सांगत असत. हिराबाई, सुरेशबाबू, सरस्वती राणे, रोशन आरा, गंगूबाई हंगल: विसाव्या शतकातल्या ख्यालाचा निम्मा नकाशा इथून निघतो. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालतो, तोही या झाडाचीच फांदी. खुद्द खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळकोइल स्टेशनच्या फलाटावर गेले. दफन मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात.

या गोष्टीचा पश्चिमेकडचा धागा मात्र जपून हाताळायला हवा, कारण अभिमानाच्या भरात आपले लोक तो ओढून तोडतात.

किराना घराण्याची दुसरी मोठी शाखा अब्दुल वहीद खाँ यांची. हे खाँसाहेबांचे नातलग, आणि त्यांची तालीम झाली कोल्हापुरात, लंगडे हैदरबक्ष खाँ यांच्याकडे. वहीद खाँ खाँसाहेबांपेक्षाही संथ. तबकड्यांपासून ते लांब राहिले. त्यांचे शिष्य पंडित प्राणनाथ १९७० मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तिथे ला माँट यंग, मेरियन झझीला आणि टेरी रायली त्यांचे गंडाबंध म्हणावेत असे शिष्य झाले. यंग हे अमेरिकेतल्या 'मिनिमल' संगीताचे आद्यपुरुष. साठच्या दशकातच त्यांनी एकेक स्वर तासन् तास धरून ठेवणारी मंडळी जमवली होती, आणि तीही पियानोच्या बारा स्वरांत नव्हे, शुद्ध प्रमाणांत जुळवून. देवल जे पेटीत कोंडू पाहत होते, तीच प्रमाणं. अब्दुल करीम खाँच्या तबकड्यांबद्दल यंग यांनी जी भक्ती बोलून दाखवली आहे ती मिरजेतल्या कुठल्याही पुजाऱ्याच्या तोडीची आहे. त्यांच्या त्या मंडळीतला व्हायोलाचा वादक जॉन केल. तो पुढे 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या रॉक बँडमध्ये गेला आणि १९६७ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर त्याच्या व्हायोलाची न संपणारी गुणगुण ऐकू येते. रॉकमध्ये षड्ज धरून बसण्याची पद्धत तिथून शिरली.

रॉकमधली ही वाट पुढे कुठे गेली ते पाहा. १९९४ मध्ये सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने काही नव्या बँडना 'पोस्ट-रॉक' हे नाव दिलं. गिटार, ड्रम, बास सगळं रॉकचंच, पण काम रॉकचं नाही. गाणं नाही, कडवं नाही, नायक गायक नाही. स्वराचा पोत, शांतता आणि सावकाश वाढत जाणारा ताण. लुईव्हिल गावातल्या 'स्लिंट' नावाच्या पोरसवदा बँडने १९९० च्या ऑगस्टमध्ये 'स्पायडरलँड' हा अल्बम मोजक्या दिवसांत ध्वनिमुद्रित केला. १९९१ च्या मार्चमध्ये तो बाजारात आला तेव्हा बँड फुटलेला होता. कुणी फारसा घेतला नाही. आज त्या प्रकारचं संगीत करणारे सगळे त्याचंच नाव घेतात. मॉन्ट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या मंडळींनी २००० साली दोन तबकड्यांचा अल्बम काढला, त्यात चारच रचना, प्रत्येकी वीसेक मिनिटांच्या. आपल्याकडच्या विलंबित ख्यालाच्या श्रोत्याला तो ऐकताना अवघडल्यासारखं होत नाही. त्यांच्या श्रोत्याला रेडिओवरची गाणी ऐकून जितकं अवघडतं, तितकं तर मुळीच नाही.

म्हणजे पोस्ट-रॉकचा उगम मिरजेत झाला का? नाही. स्लिंटच्या पोरांनी मिरजेचं नावही ऐकलं नसेल. यंग यांची स्वर धरून ठेवण्याची ओढही फक्त भारतातून आलेली नव्हती. त्यात संगीतकार वेबर्न होता, जॅझ होतं, जपानी गागाकू होतं, आणि लहानपणी ऐकलेली विजेच्या तारांची गुणगुणही होती. यंग यांचा प्राणनाथांशी संबंध आला तेव्हा केल त्यांच्याकडून कधीच निघून गेला होता. इतका धागा खरा आहे आणि त्याहून जाड तो नाही. पण तो खरा आहे, आणि त्याचं एक टोक या दोन जिल्ह्यांत आहे. एका शतकात दोनदा, एकदा मिरज-कोल्हापूरकडे आणि एकदा न्यूयॉर्कमध्ये, माणसांनी त्याच प्रश्नाला हात घातला: स्वर घाईने ओलांडला नाही तर त्याच्या आत काय ऐकू येतं? आपल्याकडे त्याचं उत्तर आधी पेटीत शोधलं गेलं आणि हरवलं. मग ते तबकडीत सापडलं, कारण तबकडीला स्वर पक्का करायचा नव्हता, फक्त ऐकवायचा होता.

आता आजचं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. उशिरा का होईना, योग्य झालं. दर्ग्यात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी संगीत होतं. खटाव तालुक्यातल्या औंधला अंतुबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव चालू आहे, आणि गावचा माणूस तिथे रात्र काढतो हे आम्ही पाहिलेलं आहे. म्हणजे काहीच नाही असं नाही. पण या सगळ्यात एक भोक आहे. मानांकन वस्तूला मिळतं. त्या वस्तूतून काय ऐकायचं हे शिकवणारी जागा दोन्ही जिल्ह्यांत नाही. नव्या पिढीचा विद्यार्थी रियाजाला मोबाइलवरचा तंबोरा लावतो, आणि चांगली जवारी म्हणजे काय हे ऐकण्याआधीच त्याला त्या यंत्राची सवय लागते. मग हजारो रुपयांचा तंबोरा तो घेईल कशाला? सतारमेकरांच्या दुकानांची अडचण बाजारपेठेची आहे असं सगळे म्हणतात. आमच्या मते ती कानाची आहे. कान तयार झाले तर बाजार आपोआप येतो. नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर टांगून तो येत नाही.

खर्च फार नाही. मिरजेत एक खोली हवी. तिच्यात खाँसाहेबांच्या १९०५ पासून अखेरपर्यंतच्या तबकड्यांची स्वच्छ केलेली प्रत हवी. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने २००३ मध्ये त्यांची तपशीलवार सूची पुस्तकरूपाने केली आहे, म्हणजे शोधाशोध निम्मी झालेली आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा. १९३७ पर्यंत निघालेल्या तबकड्या गेल्या शतकातच मोकळ्या झाल्या, त्यामुळे परवानगीचंही कारण नाही. शेजारी दोन तंबोरे हवेत, एक जवारी काढलेला आणि एक न काढलेला, म्हणजे शाळेच्या पोराला फरक तार छेडताच कळेल. आणि देवल-क्लेमंट्सच्या पेटीसारखी एखादी पेटी, जुनी नाही मिळाली तर नव्याने जुळवलेली, तीही हवीच. तिथे कुणीतरी सांगावं की हा प्रयोग साताऱ्यात झाला, तो का फसला, आणि फसूनही त्यात काय खरं होतं. फसलेले प्रयोग लपवून ठेवणाऱ्या गावांना आपल्या यशाचं कारणही सांगता येत नाही.

हे काम जिल्हा नियोजन समितीच्या एका वर्षाच्या किरकोळ तरतुदीत बसतं, आणि विद्यापीठाची वाट पाहायची तर ती पाहतच राहावी लागेल. सांगली, मिरज, वाई, कऱ्हाड, फलटणच्या जुन्या वाड्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत अजून ओडियनच्या आणि ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्या आहेत. वाडा पाडताना त्या भंगारवाल्याला किलोवर देऊ नका. आधी त्यांच्यावरची नावं वाचा, आणि अब्दुल करीम हे नाव दिसलं तर ती तबकडी जपून ठेवा. मिरजेत खोली झाली की पहिल्यांदा ती तुमच्याकडूनच मागायची आहे.